माकड, महालक्ष्म्या आणि दहावीचा पहिला पाठ

"मी नागपुरातल्या एका मराठी शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पाठ झाल्यावर एका मुलाचे वडील शाळेत आले. घर शहरात असले तरी सावनेरकडे त्यांची कपाशीची शेती आहे. 'आमच्या पोराला माकडाची अवलाद म्हणता, उद्या देव्हाऱ्यातले देवही काढायला सांगाल,' असे ते मुख्याध्यापकांसमोर बोलले. मुख्याध्यापकांनी मला पुढच्या वर्षी हा पाठ थोडक्यात आटपायला सांगितले. त्याच आठवड्यात वर्गातल्या एका मुलीने विचारले, 'मॅडम, म्हणजे देव नसतोच ना?' मी विषय बदलला. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या महालक्ष्म्या बसतात आणि मी त्या मनापासून बसवते. यंदा त्यांना साडी नेसवताना मनात आले, मी दोन्हीकडे खोटे तर बोलत नाही? त्या पालकांना काय सांगू, त्या मुलीला काय सांगू आणि स्वतःची समजूत कशी घालू?"
— एक शिक्षिका, नागपूर

ताई,

तुम्ही विषय बदललात, एवढी एकच गोष्ट मला तुमच्या पत्रात चुकलेली वाटली. पाठ शिकवणे चुकले नाही, महालक्ष्म्या बसवणे चुकले नाही आणि त्या वडिलांचे शाळेत येणेसुद्धा मला वावगे वाटत नाही, कारण मुलाने दप्तरातून घरी काय आणले याची चौकशी करणारा पालक हल्ली दुर्मीळ झाला आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलीने धीर करून विचारलेला प्रश्न बाईंनी टाळला, की त्या गप्प बसण्याचा अर्थ मुले आपापला लावतात. कुणाला वाटते, बाईंना उत्तर ठाऊक नाही. कुणाला वाटते, उत्तर 'हो' असेच आहे, फक्त बाई घाबरल्या.

आधी माकडाचे निस्तरू. माणूस माकडापासून झाला असे हा सिद्धांत म्हणत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण वर्गाच्या दारातून बाहेर पडेपर्यंत त्याचे तेच होऊन बसते. मुलांना नात्यागोत्यात सांगावे. माझा चुलतभाऊ हा माझा बाप नव्हे. आमचे आजोबा एक, एवढेच. चिंपांझीचे आणि आपले घराणे असे चुलत आहे आणि ते सामाईक पूर्वज साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचे आहेत. रामटेकच्या गडावरची वानरे तर त्याहून कितीतरी दूरचे भाऊबंद. त्यांची आणि आपली वाट फुटली त्याला अडीच-तीन कोटी वर्षे झाली. एखादे पोर चिकित्सक असेल तर त्याला गुणसूत्रांची गोष्ट सांगा. चिंपांझी आणि गोरिला यांच्या पेशीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, आपल्या पेशीत २३. मग एक जोडी गेली कुठे? ती कुठेही गेलेली नाही. आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र हे दोन जुनी गुणसूत्रे टोकाला टोक जुळून झालेले आहे, आणि एरवी गुणसूत्राच्या टोकाशी आढळणारी रचना याच्या पोटात, जिथे सांधा बसला तिथे, आजही ओळखू येते. शिंप्याने आतून घातलेली शिवण कापड उलटे केल्यावर दिसावी, तसे हे आहे.

त्या वडिलांना बोचले ते मात्र शास्त्र नव्हे. त्यांना बोचला तो 'माकड' हा शब्द, कारण मराठीत ती शिवी आहे. गंमत अशी, की धर्मविचाराच्या अंगाने पाहिले तर आपल्याकडे या नात्याचा विटाळ वाटायचे काहीच कारण नाही. चौऱ्याऐंशी लक्ष योनींतून जीव फिरतो असे मानणाऱ्या समाजाला वानर परका कसा? दर शनिवारी मारुतीपुढे आपण हात जोडतोच. काळाच्या हिशोबाचेही तेच. सतराव्या शतकात जेम्स अशर नावाच्या धर्मगुरूने बायबलवरून पृथ्वीचा जन्म इसवी सनापूर्वी ४००४ सालचा ठरवला होता, आणि त्या चौकटीत वाढलेल्या युरोपला कोट्यवधी वर्षांची कल्पना पचवणे फार जड गेले. आपल्या पुराणांत ब्रह्मदेवाचा एक दिवसच ४३२ कोटी वर्षांचा आहे. पृथ्वीचे आजचे मोजलेले वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे, आणि हे दोन आकडे जवळ आले म्हणून कुणी फळ्यावर शेजारी-शेजारी लिहू लागले तर त्याला हात धरून थांबवावे. तो योगायोग आहे. मात्र मोठ्या काळाची भीती आपल्याला नाही, हा फायदा खरा आहे आणि शिक्षकाने तो घ्यावा.

मग आपल्याकडे वाद होतो तो कशावरून? माझ्या मते ग्रंथावरून क्वचित, मानापमानावरून अधिक. २०१८च्या जानेवारीत औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी माकडाचा माणूस होताना कुणी पाहिले नाही, म्हणून डार्विन चूक, असे जाहीरपणे सांगितले. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांना एकत्र निवेदन काढून ते खोडावे लागले. २०२३ मध्ये एनसीईआरटी या पाठ्यपुस्तके काढणाऱ्या केंद्रीय संस्थेने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा अठराशेहून अधिक वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी सह्या करून त्याला विरोध केला. तुमच्या राज्य मंडळाच्या पुस्तकात मात्र, विज्ञान भाग २ मध्ये, हा पहिलाच पाठ आहे, आणि मुख्याध्यापकांना सांगायला एवढे कारण पुरावे: जो पाठ मंडळाने नेमला आहे आणि ज्यावर परीक्षेत प्रश्न येतात, तो आटपून मुलांचे नुकसान का करायचे? शिवाय वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे १९७६च्या घटनादुरुस्तीपासून नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे आणि त्याच संविधानाच्या २५व्या अनुच्छेदात धर्म पाळण्याचे स्वातंत्र्यही आहे. मुख्याध्यापक बिचारे दोन्ही बाजूंनी भांडण टाळायला बघत असतील. त्यांच्याशी हुज्जत घालू नका, पुस्तक उघडून पाठाचा अनुक्रमांक दाखवा.

आता तुमच्या स्वतःच्या प्रश्नाकडे येतो, कारण बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यातून निघतात. 'देव की उत्क्रांती' असा सवाल ज्याने पहिल्यांदा टाकला त्याने तो चुकीचा टाकला आणि आपण सगळे उत्तरे शोधत बसलो. सवालाची मांडणी बदलली की लोकांची उत्तरे कशी बदलतात याचा एक चांगला दाखला अमेरिकेत मिळतो. प्यू या संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत काही लोकांना आधी एवढेच विचारले, की माणूस काळाच्या ओघात उत्क्रांत झाला की आरंभापासून आजच्याच रूपात आहे. तेव्हा ३१ टक्क्यांनी 'आजच्याच रूपात' असे सांगितले. दुसऱ्या गटापुढे तिन्ही पर्याय एकदम ठेवले: माणूस उत्क्रांत झाला आणि त्यात देवाचा हात होता, उत्क्रांत झाला आणि देवाचा हात नव्हता, किंवा उत्क्रांत झालाच नाही. आता नकार देणारे १८ टक्केच उरले. माणसे तशीच, पुरावे तेच. फरक इतकाच, की पहिल्या गटातल्या पुष्कळांना वाटले, आपल्याला देव सोडायला सांगत आहेत. दुसऱ्या गटाला तसे वाटले नाही. तुमच्या शाळेत आलेले वडील त्या पहिल्या गटातले आहेत. त्यांच्या तोंडून देव्हाऱ्याची गोष्ट निघाली, ती उगाच नव्हे.

डार्विनला स्वतःला या प्रश्नाने छळले होते. तरुणपणी तो केंब्रिजला धर्मोपदेशक होण्याच्या वाटेवर होता, पुढे श्रद्धा हळूहळू ओसरली आणि उतारवयात तो स्वतःला अज्ञेयवादी म्हणवू लागला. तरीही १८७९ मध्ये एका पत्राच्या उत्तरात त्याने स्पष्ट लिहिले, की माणूस ईश्वरावर उत्कट श्रद्धा ठेवणारा आणि उत्क्रांतिवादी असा एकाच वेळी असू शकतो, यावर शंका घेणे त्याला हास्यास्पद वाटते. दाखला म्हणून त्याने आसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव घेतले. ग्रे धर्मनिष्ठ होता आणि अमेरिकेत डार्विनची बाजू त्याच्याइतकी हिरिरीने कुणी मांडली नाही. तुमच्या पाठाचा पहिला अर्धा भाग ज्याच्या वाटाण्यांवर उभा आहे, तो मेंडेल तर मठातला संन्यासी होता. कॅथलिक चर्चने १९५० मध्ये या विषयाच्या अभ्यासाला वाट मोकळी केली आणि १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ही केवळ एक कल्पना उरलेली नाही, असे मान्य केले.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. ज्यांच्या नावाने आपल्या शहरात १८८३ पासून कॉलेज उभे आहे ते स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडहून आलेले मिशनरी होते. बायबल शिकवायला ते नागपूरला आले आणि फावल्या वेळात खडक फोडू लागले. तेव्हा गावाबाहेर असलेल्या टाकळीच्या आसपास, लाव्हाच्या दोन थरांच्या मधे दबलेल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांच्या गाळात, त्यांना शंख-शिंपले, फळे, बिया आणि कीटकांचे अवशेष मिळाले. तो लाव्हा वाहिला त्याला साडेसहा कोटी वर्षे होत आली. नागपूरच्या दक्षिणेला मांगलीच्या खडकातून एका चपट्या डोक्याच्या उभयचर प्राण्याची कवटी मिळाली; तिचे वर्णन १८५५ मध्ये लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी प्रसिद्ध केले. हेच ओवेन पुढे डार्विनचे कट्टर विरोधक झाले. खडक फोडणारा मिशनरी, वर्णन करणारा डार्विनविरोधक, आणि ती कवटी मात्र सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या जीवसृष्टीची साक्ष म्हणून आजही उभी आहे. पुरावा हाती घेणाऱ्याचा धर्म पुरावा विचारत नाही. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटकडची शिळावर्तुळे पाहून परतताना नाल्याच्या पुरात वाहून गेले. जमिनीखाली काय दडले आहे याचे कुतूहल त्यांना शेवटच्या दिवसापर्यंत होते आणि त्यापायी त्यांनी प्रार्थना सोडल्याचे कुठे वाचनात आले नाही.

तेव्हा महालक्ष्म्यांना साडी नेसवताना तुम्ही खोटे बोलत नाही. ज्येष्ठा-कनिष्ठा माहेरी येतात, जेवतात आणि परत जातात, या सोहळ्यात सजीवांच्या जाती कशा झाल्या याबद्दल एकही विधान नाही. सोळा भाज्या, आंबील, पुरणाचे दिवे, सासूबाईंनी दिलेला मुखवटा हे सगळे घराचे, नात्यांचे, कृतज्ञतेचे शास्त्र आहे आणि वर्गात तुम्ही शिकवता ते पेशींचे आणि जीवाश्मांचे शास्त्र आहे. पण मी तुम्हाला खोटा दिलासाही देणार नाही. प्रत्येक प्राणी आज दिसतो तसाच वेगवेगळा घडवला गेला, असे कुणी ठामपणे म्हणत असेल तर ते विधान उत्क्रांतीशी टक्कर घेते आणि विज्ञानाच्या तासाला ते हरते. तिथे मधला मार्ग काढू नये. आणखी एक अडचण अधिक खोल आहे. नैसर्गिक निवड ही फार उधळी आणि निष्ठुर प्रक्रिया आहे: हजारो जन्मतात, थोडे तगतात. दयाळू देव मानणाऱ्या माणसाला हे कधी ना कधी टोचते. तो प्रश्न कुणाही आईने मुलाच्या उशाशी बसून विचारला आहे, डार्विन जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून. तो विज्ञानाने निर्माण केलेला नाही आणि विज्ञानाने सुटणाराही नाही.

एका मोहापासून मात्र सावध करतो, कारण मी स्वतः त्यात पडलो आहे. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांत, वर्गाला बरे वाटावे म्हणून मी दशावताराचे उदाहरण दिले: आधी मासा, मग कासव, मग वराह, मग अर्धा पशू-अर्धा माणूस, मग बुटका वामन, बघा आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते. मागच्या बाकावरच्या एका मुलाने शांतपणे विचारले, "सर, परशुराम रामाला भेटले होते ना? मग आधीची पायरी आणि नंतरची पायरी एका मंडपात कशा?" मला उत्तर सुचले नाही आणि बरेच झाले. अवतार धर्मरक्षणासाठी होतात, एका अवतारापासून दुसरा जन्मत नाही. ती कथा स्वतःच्या अर्थाने मोठी आहे आणि तिला जीवशास्त्राचा टेकू लावण्यात तिचाच मान कमी होतो. शिवाय तुमच्या वर्गात नाना धर्मांची मुले बसतात. ज्या शहरात १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर लाखोंनी निर्माता ईश्वर न मानणारा धम्म स्वीकारला, तिथल्या शिक्षिकेने एकाच घरच्या देवांवर विज्ञान तोलून दाखवू नये. आपल्या परंपरेतले काही सांगायचेच असेल तर ऋग्वेदातले नासदीय सूक्त आहे. ही सृष्टी कुठून आली हे वरच्या आकाशातून पाहणाऱ्याला ठाऊक असेल, किंवा कदाचित त्यालाही नसेल, असे म्हणून ते थांबते. एवढी मोकळीक ज्या परंपरेत आहे तिने दहावीच्या पाठाला का घाबरावे?

त्या मुलीला पुढच्या तासाला सगळ्यांसमोर उत्तर द्या आणि आधी कबूल करा, की मागे मी तुझा प्रश्न टाळला. मग सांगा: "या पाठात सजीव कसे बदलत गेले ते आहे. देव आहे की नाही, हे या पाठात नाही. देव मानणारे वैज्ञानिक आहेत आणि न मानणारेही आहेत, पण या पाठातल्या पुराव्यांवर दोघांचे एकमत आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुला परीक्षेत लिहायचे आहे. दुसऱ्याचे तू मोठी होऊन स्वतः शोधायचे आहेस, मी ते सांगणार नाही." ती 'तुम्ही मानता का' असे विचारेल. विचारलेच तर, आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, असे सरळ सांगा. लपवाल तर पुन्हा तिथेच याल.

विदर्भातल्या वर्गात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे उदाहरण देण्याचा विचार तुमच्या मनात येईल आणि ते खरोखर उत्तम आहे: आईकडून किंवा वडिलांकडून एकच दोषी जनुक आलेल्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, म्हणून हिवतापाच्या मुलखात ते जनुक टिकून राहिले, दोन्हीकडून आले तर मात्र वेदनादायी आजार. १९५४ मध्ये हा संबंध दाखवून दिला गेला. पण वर्गात त्या आजाराचे मूल बसलेले असू शकते, तेव्हा कुणाकडे पाहून बोलू नका आणि कुणाला हात वर करायला लावू नका.

त्या वडिलांसाठी तुम्हाला पुस्तकातले उदाहरण लागणारच नाही, कारण कपाशी करणाऱ्या माणसाने उत्क्रांती स्वतःच्या वावरात पाहिली आहे. तिला तो गुलाबी बोंडअळी म्हणतो. २००२ मध्ये बीटी कपाशी आली. एका जिवाणूचे जनुक घातलेले हे झाड स्वतःच अळीला मारक प्रथिन तयार करते, आणि काही वर्षे बोंडअळीची फवारणी जवळपास थांबली. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. पण लाखो अळ्यांत एखाद-दुसरी अशी असतेच, जिच्यावर ते प्रथिन चालत नाही. बाकीच्या मेल्या, ती जगली, तिची पिल्ले जगली. ही अळी आपल्याकडे जवळजवळ कपाशीवरच जगते, त्यामुळे साध्या, मरणाऱ्या अळ्यांना दुसरीकडे आसरा नव्हता. तो आसरा असावा म्हणूनच ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची बिगर-बीटी बियाण्याची पुडी मिळत असे; धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, बाजूने ती पेरली की तिथे वाढलेले साधे पतंग तगलेल्या पतंगांशी जुगतात आणि प्रतिकाराचे जनुक पातळ होत राहते. किती जणांनी ती पुडी पेरली? बहुतेकांच्या घरी ती कोपऱ्यात पडून राहिली, आणि शिवाय पाणी होते तिथे फरदड घेऊन, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक राखून, अळीला उन्हाळ्यापर्यंत खाऊ घातले. २००९-१० च्या सुमारास गुजरातेत पहिल्या वाणाला ही अळी दाद देईना असे दिसले, पुढे दुसऱ्यालाही, आणि २०१७च्या हंगामात विदर्भात शेतेच्या शेते गेली. बाहेरून हिरवेगार दिसणारे बोंड फोडले की आत पिवळट पडलेली सरकी, कवडी झालेला कापूस आणि मधे ती गुलाबी अळी, हे दृश्य त्या वर्षी कुणाला सांगावे लागले नाही. त्या सामाईक पूर्वजापासून माणूस होताना पाहायला साठ लाख वर्षे लागतील, पण बीटीवर मरणाऱ्या अळीची बीटीवर न मरणारी अळी होताना या माणसाने पंधरा वर्षांत पाहिली आहे, आणि त्यासाठी देव्हारा हलवलेला नाही.

हे त्यांना तुम्ही समजावून सांगू नका. ते रागावतील आणि ते बरोबरही असेल, कारण या विषयात त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळते. त्यांना निरोप पाठवा, की वर्गाला बोंडअळीबद्दल सांगायला एक तास याल का. त्यांनी येताना चार डोमकळ्या, म्हणजे अळी लागून मिटलेली फुले, आणि दोन किडकी बोंडे आणावीत, मुलांपुढे ती फोडावीत, पूर्वी किती फवारे लागत आणि आता किती लागतात ते सांगावे. तुम्ही मागच्या बाकावर बसा. ते बोलून झाले की फळ्यावर पाठाचे नाव लिहा आणि मुलांना विचारा, की काकांनी आत्ता सांगितलेले पुस्तकातल्या कोणत्या पानावर आहे. त्यांचा मुलगा पहिला हात वर करेल, असा माझा अंदाज आहे.